शेंड्यांखालची जमीन

प्रिय लजहर,

बाबांचा खड्डा वाचला! आधी एवढं वाच, घोटभर पाणी पी, मग पुढचं. कचेरीतल्या साहेबाने आज मेलेल्या म्हणून बुजवायच्या बागांच्या यादीतून आपलं नाव काढून टाकलं. छातीवरचा धोंडा उतरला बघ. आईने तर येताना रस्त्यातल्या अनोळखी बायकांनाही खजूर वाटले.

तुझा पहिला नकाशा बघून मला रडूच फुटलं होतं. ड्रोनच्या व्हिडिओतलं प्रत्येक चित्र कुठून घेतलं ते त्यातच नोंदलेलं असतं आणि त्यावरून संगणक उंच-खोल जमीन उभी करतो, हे तूच मला शिकवलंस. पण पहिल्या वेळी कॅमेरा सरळ खाली बघत होता. आपल्या सूफच्या वाळवंटात खजुराची झाडं वाळूत खणलेल्या खड्ड्याच्या तळाशी. वरून दिसणार ते शेंडेच. संगणकाने शेंड्यांनाच जमीन मानलं. बाबांनी जन्मभर टोपल्यांनी वाळू उपसून राखलेली बाग वाळूने भरली, मेली, असं ठरलं. सूफच्या पोराने अल्जियर्समध्ये बसून हे विसरावं? कान पिळायला हवा होता तुझा.

दुसऱ्या वेळी तू सांगितलंस तसा मी ड्रोन काठाकाठाने, कॅमेरा तिरका ठेवून फिरवला. आज कचेरीतल्या पडद्यावर बुंधा न् बुंधा उभा राहिला, तळातली आपली चहाची किटलीसुद्धा. शेजारी बाबा, पण त्यांना डोकंच नव्हतं! "हलू नका" म्हणून बजावलं तरी ते मान वळवून वळवून ड्रोनकडे बघत होते, आणि हलतं ते संगणकाला धरता येत नाही म्हणे. आई सगळ्यांदेखत म्हणाली, "लग्नातही नव्हतं." साहेबसुद्धा खो खो हसला.

मग तो म्हणाला, "पण हाजी, तो पहिला नकाशा करणारा गाढव कोण होता?" तो तुझा होता हे तू सांगू नको म्हणालास म्हणून मी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. बाबा शांतपणे म्हणाले, "चुकला तोही माझाच पोरगा, सुधारलं तेही त्यानेच." तू बाबांना फोन करणं बंद केलंस तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं रे.

वाटेत मी म्हटलं, लावू का त्याला फोन? तर म्हणाले, "नको. तो रडेल, मग मीही रडेन, आणि ये म्हणायचं राहून जाईल. तू लिही." म्हणून हे पत्र. ये.

तुझीच ताई,
मबरूका