खाली लिहिलेलं नाव

शनिवार, ११ जानेवारी १९८६

पोचलो एकदाचे! पहाटे मुलुंडहून निघालो, पवई-अंधेरी करत बोरिवली गाठली आणि सायकली होडीत घालून खाडी ओलांडली. आमच्या कंपनीतला फिटर फ्रेडी सुट्टीवर गावी आलाय, त्याच्याच घरी खारपाखाडीत मुक्काम आहे. त्याच्या आईने, ज्युलियाबायने, बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या इतक्या वाढल्या की पाटावरून उठवेना. नंदू तर अजून पोट धरून बसलाय.

नंदू माझ्या धाकट्या बहिणीचा, सुगंधाचा नवरा. पण दोस्त आधीपासूनचा, त्यामुळे भावोजी म्हणायला माझी जीभ वळत नाही. सुगंधाला सातवा महिना आहे. निघताना तिने मला बजावलं, "दादा, यांना धड परत आण." संक्रांतीला त्याच्याच हातचा तिळगूळ खा म्हटलं. पण साहेबांचा गुडघा टम्म सुजलाय. उद्या सायकलला सुट्टी.

रविवार, १२ जानेवारी

सुट्टी झकास गेली. किनाऱ्यावर पोर्तुगीज पाद्र्यांचा पडका मठ आहे, तो पाहिला. छप्पर कधीच गेलंय, भिंती मात्र हातभर जाड. समुद्राकडच्या कमानीत बसून आम्ही शेंगदाणे खाल्ले. आत एका दालनात भिंतीवर पाद्र्यांची नावं कोरलेली आहेत, एकाखाली एक, चाळीसेक तरी असतील. नंदू म्हणाला, ही यांची हजेरी दिसते, आपलीही लावून टाकू. कुठेही गेलं की नाव लिहिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. कोळसा मीच शोधला. यादीच्या शेवटी त्याने 'नंदू' लिहिलं, त्याच्याखाली मी 'जयवंत'.

तेवढ्यात गावातल्या चर्चची बाराची घंटा वाजली. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. भूक लागली असेल म्हणून परत आलो.

सोमवार, १३ जानेवारी

सूज उतरली नाही, म्हणून आजही इथेच. सकाळी मी दोन्ही सायकलींना तेल घातलं आणि जेवणाआधीच दोघं जरा आडवे झालो.

नंदूच्या ओरडण्याने जाग आली, नुकतेच बारा वाजून गेले होते. बंडी फाटलेली, पाठीवर आडवे वळ, दोन ठिकाणी कातडी सोलून मांस दिसत होतं. दाराला आतून कडी, खोलीत आम्ही दोघंच. तो पालथा झोपला होता, त्याने काहीच पाहिलं नाही. पाठ धुताना रक्ताबरोबर काळं ग्रीस निघालं. ते कुठून आलं कळेना. फ्रेडीने हळद भरली. मला फार भीती वाटतेय. सुगंधाला काय सांगू?

माझा उजवा खांदा ठणकतोय. परवाचं हँडल भोवलं असावं.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

लिहायलाच हवं.

घरी जायला धक्क्यावर गेलो. ओहोटी होती, होडी चिखलात. थांबलो. बाराची घंटा ऐकल्याचं आठवतं. पुढचं काही नाही.

शुद्ध आली तेव्हा चार कोळी माझ्या अंगावर बसले होते. माझ्या मुठीत सायकलची चेन. नंदू चिखलात पडलेला, कान लोंबत होता, तोंडातून रक्त. लोक मला पोलिसात द्यायला निघाले. नंदूच मधे पडला, "ऊन लागलंय त्याला. माझा मेहुणा आहे तो."

मी मारलं. काल पण मीच.

गावच्या डॉक्टरने टाके घातले. ज्युलियाबायने मला समोर बसवून विचारलं, "भितीवं नाव लिवलं का रं तुमी? वर कुनाचं?" मग तिने सांगितलं. मठात बाराच्या घंटेला प्रायश्चित्त म्हणून पाद्री एकमेकांना फटके मारत. वरच्याने सोसायचं, खालच्याने मारायचं. एकदा मारणाऱ्यांचे हात थांबलेच नाहीत, आणि यादीतला एकही वाचला नाही. वरचा मेल्याशिवाय खालच्याची सुटका नाही, असं तिची आजी सांगायची.

संध्याकाळी फ्रेडीला घेऊन भिंत गाठली. कोयत्याने गिलावा खरवडला, कोळसा गेला. खाली दगडात आमची नावं कोरलेली. मराठीत.

बुधवार, १५ जानेवारी

सकाळी नऊ — फ्रेडी नंदूला बोरिवलीच्या हॉस्पिटलात नेतोय. मला खोलीत कोंडायला मीच सांगितलं. बाहेरून कडी. मधे खाडी आहे. आज त्याच्यावर हात पडणार नाही.

साडेअकरा — होडी भरली, यांना घेतलंच नाही. वल्हवणाऱ्याला रक्त नको होतं. ज्युलियाबाय दाराआडून सांगतेय. फ्रेडी दुसरी होडी बघायला गेलाय. नंदूला ओट्यावर निजवलंय. माझ्या दाराबाहेर. चार पावलांवर —

ओरडलो, लांब न्या त्याला. ती एकटी, तिला उचलवेना. माणसं बोलवायला धावलीय.

खोलीत वरवंटा आहे. उजवा हात उंबऱ्यावर ठेवला —

तीन घाव. बोटं गेली. मनगट पण. हाडं बाहेर. आता डाव्याने लिहितोय. वाचता येईल का

चेन धरणार कशाने

घंटा

वाजतेय. डावा हात ओढतोय. पेन सोडत नाही. लिहितोय तोवर हात माझा. सुगंधा मी लिहितोय. सुगंधा सुगंधा

नंदू उठलाय. माझं ओरडणं ऐकलं त्याने. विचारतोय, जयवंता, काय झालं रे, कुठे लागलं —

नको म्हणतोय मी. आवाज फुटत नाही

पाय घासत येतोय. कडीला हात. नंदू कडी काढू नको नंदू क