गजकर्णीचं मलम

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही 'बरं आहे' एवढंच म्हणता आणि लगेच विचारता, जेवलीस का. म्हणून पत्र लिहितेय. पत्राला मध्येच तोडून जेवणाचं विचारता येत नाही. (जेवलेय. पोटभर.) दादाकडून सगळं कळलं. सलूनच्या मागच्या भिंतीशी असलेलं गजकर्णीचं झुडूप तुम्ही मुळासकट उपटलंत, फळीवरच्या मलमाच्या डब्या रिकाम्या केल्यात आणि कुणी मान खाजवत मलम मागायला आलं तर त्याला सरळ दवाखान्याचा रस्ता दाखवता. दादाचं म्हणणं, बाबा आता थकलेत, होत नसेल त्यांच्याच्याने. दादा भोळा आहे. आईचा पाय सुजला, लाली गुडघ्यापर्यंत चढली, तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिच्या बोटांमधल्या चिरा बघून विचारलं होतं, इथे काय लावत होतात. तुम्ही 'घरचं मलम' म्हणालात आणि मान खाली घातलीत. आठवडा संपायच्या आत आई गेली, आणि तुमची मान काही वर आली नाही. तुम्हाला वाटतं, तुमच्याच मलमाने घात केला. तुम्ही बोलला नाहीत, पण मी तुमची मुलगी आहे, मला कळतं.

आईचे पाय म्हणजे काय होतं, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. सकाळ-संध्याकाळ पोहण्याच्या तलावाच्या ओल्या काठावर अनवाणी, दुसऱ्यांच्या पोरांना हातपाय मारायला शिकवत उभी. चिखल्या तिच्या पाचवीलाच पुजलेल्या. घरी आली की खुर्चीत बसून पाय सरळ तुमच्या मांडीवर. तुम्ही दिवसभर लोकांच्या दाढ्या करून दमलेले, तरी आधी तिची बोटं टॉवेलने कोरडी करायचात, फटीफटीत फुंकर घालायचात, मग मलम. ती म्हणायची, गिऱ्हाइकांना नुसता आरसा दाखवतो हा माणूस, खरी सेवा माझी करतो. आणि मी कोपऱ्यात अभ्यासाचं सोंग करून बघत बसायचे. मला अजून कुणाचं लग्न चांगलं चाललंय की नाही ते ओळखायचं असेल, तर मी आधी त्यांच्या पायांकडे बघते.

आमच्या सरकारी प्रयोगशाळेत झाडपाल्याची औषधं कातडीच्या बुरशीवर तपासायचं काम निघालं, तेव्हा बुरशी हवी होती, आणि आईने आपणहून पाय पुढे केला. मी तिच्या करंगळीजवळचा पापुद्रा खरवडून नेला. काचेच्या बशीत, जेलीसारख्या खुराकावर ती बुरशी अशी काही फोफावली की विचारू नका. पांढरी, मऊ, कापसासारखी. आईला कळल्यावर केवढा अभिमान. शेजारणीला सांगत सुटली, माझी बुरशी सरकारी आहे आता. लसूण, कडुनिंब, हळद, सगळ्यांचे अर्क करून मी त्या बुरशीवर घालून बघितले. तुमच्या लाडक्या कडुनिंबाने तिच्या केसालाही धक्का लावला नाही, हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नव्हतात. गजकर्णीची पाळी यायची होती. दादाने फांद्या पाठवल्या, मी पाला वाळत घातला, आणि तेवढ्यात आईच गेली.

आता तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट. घरी सगळे जमले होते त्या दिवशी मोरीच्या फळीवरून मी आईची डबी उचलून आणली. अर्धी वापरलेली. मलमात तिच्या बोटाचा खळगा तसाच होता. तो मोडवेना, म्हणून मी कडेकडेने काढून घेतलं. एका बशीत आईची बुरशी पेरली आणि त्यावर गजकर्णीचा अर्क ठेवला. दुसऱ्या बशीत, नुसत्या खुराकावर, तुमचं मलमच फासलं. डॉक्टरांच्या प्रश्नातली खरी भीती तीच होती ना? पाला धुतलेला नसेल, डबी स्वच्छ नसेल, मलमातच जंतू असतील आणि चिरांमधून आत शिरले असतील. बशा उबेला ठेवल्या. मी ठरवलं होतं, काहीही निघो, तुम्हाला खरं सांगायचं. पण वाईट निघालं असतं तर कसं सांगितलं असतं, देव जाणे. बाबा, मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते, बारावीच्या निकालालाही नाही.

मलमाच्या बशीत काही उगवलं नाही. मी पुन्हा केलं, आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंना करायला लावलं. स्वच्छ. आणि आईच्या बुरशीच्या बशीत अर्काभोवती गोल मोकळी जागा, बुरशी तिथे फिरकलीच नव्हती. आता आजीची पद्धत, पाला पाण्यात वाटायची, तीही करून बघितली. त्याने काहीही होत नाही. तुम्ही आळसाने पाला वस्तऱ्याच्या स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायला लागलात ना, औषध त्यातच उतरतं. नुसत्या स्पिरिटलाही वेगळी बशी दिली होती, त्याने बुरशी हलली नाही. तर श्रेय पाल्याचं आणि तुमच्या आळसाचं. कंपनीच्या मलमाचं वर्तुळ तुमच्यापेक्षा बरंच मोठं आहे, तेही सांगून टाकते. वाईट वाटून घेऊ नका, त्यांच्याकडे कारखाना आहे, तुमच्याकडे एक खलबत्ता. मी डॉक्टरांनाही भेटून आले. ते म्हणाले, हा प्रश्न ते प्रत्येकालाच विचारतात, कारण लोक जखमेवर चुना नि राख काय वाटेल ते लावतात. जंतू कुठून शिरला ते त्यांनाही सांगता येत नाही. रोज दोन वेळा ओल्यात उभ्या राहणाऱ्या पायाला चिरा पडतातच, आणि आईने ताप अंगावर काढला होता, तलावावर जायचं सोडलं नव्हतं. तिला अडवणं तुम्हाला कधी जमलं होतं का? मला तर नाहीच जमलं.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणणार, पोर बापाला बरं वाटावं म्हणून लिहितेय. म्हणून आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते सांगते. मागच्या महिन्यात आईची बुरशी नव्या खुराकावर लावताना माझा हातमोजा फाटला. मला कळलंच नाही. आता डाव्या मनगटावर रुपयाएवढं गजकर्ण उठलंय. खरवडून, वाढवून, आईच्या बुरशीशेजारी ठेवून बघितलं. तिचीच आहे. बाई मला खूप ओरडल्या, आणि मी त्यांच्यासमोर वेड्यासारखी आधी हसले, मग रडले. कंपनीची ट्यूब माझ्या खणात पडून आहे, बूचसुद्धा उघडलेलं नाही. दादाने पाठवलेल्या फांद्यांमधल्या दोन मी कुंडीत खोचल्या होत्या, त्यांना पानं फुटलीत. रविवारी कुंडी घेऊन घरी येतेय. स्पिरिट आणून ठेवा. मलम तुम्ही करायचं, माझं मनगट मांडीवर घ्यायचं, कोरडं करायचं आणि तुमच्याच हाताने लावायचं. मला तुमच्या मलमाची भीती वाटत नाही, बाबा. आणि खाज अशी सुटलीय की तुम्ही नाही म्हटलेलं मला परवडणार नाही.

तुमचीच,
धाकटी