उजव्या कानाकडची खाट

३ जून

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

मशीनवर वाकून पाठ मोडली असेल, तरी इस्पितळाच्या चादरी तुझ्याशिवाय कुणी शिवू नयेत असा तुझा हट्ट! इकडे मुलं मजेत आहेत. बाबा मात्र फार खचले. लाकडावर रंधा लोण्यासारखा फिरवणारा त्यांचा हात आता चमचाही धरत नाही. सुंभ जळाला, पीळ तेवढा आहे.

रविवारी चर्चचे पाळकसाहेब त्यांच्यासाठी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घरीच आणणार आहेत. पण ते म्हणाले, ज्यांना दुखावलंत त्यांच्याशी आधी समेट करा. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ताई, क्षमेचा एक शब्द लिहून पाठव ना. जाणारा माणूस आहे गं तो.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी टिटवी

७ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तुझी खोड काही जात नाही. म्हणे एक शब्द! माझ्यापाशी असता तर कधीच पाठवला असता.

तू तेव्हा पाळण्यात होतीस. बाबांच्या एका थपडेनं माझा डावा कान गेला, आणि डॉक्टरांना त्यांनी सांगितलं की पोरगी जिन्यावरून पडली. आईला तेच म्हणायला लावलं, मलाही. बाबांनी आजवर ते खोटं सोडलेलं नाही. उपासनेत सगळे प्रभूची प्रार्थना म्हणतात, तेव्हा ‘आम्ही जशी क्षमा केली’ ह्या क्षमेच्या ओळीपाशी माझे ओठ आपोआप मिटतात. देवाशी खोटं कसं बोलू? मला राग आहे, अजून आहे. माझ्या वतीनं तू काही बोलू नकोस.

मुलांना पापे. तुझ्यावर माया आहेच, ती ह्या पत्रानं कमी झाली असं समजू नकोस.
तुझी ताई

१५ जून

ती. ताईस,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र सोमवारी पोचलं, वरातीमागून घोडं. रविवारी मी बोलून बसले होते. पाळकसाहेबांसमोर बाबांना सांगितलं, ताईनं क्षमा केली. वाटलं, त्यांना शांती मिळेल, तुला कुठे कळणार आहे!

बाबा म्हणाले, खोटं बोलतेस, थोरली इतक्या सहज सोडणार नाही, आणि सोडूही नये. मग पाळकसाहेबांना म्हणाले, ती जिन्यावरून पडली नव्हती, मी मारलं होतं, डाव्या कानावर. भाकर आणि प्याला बाबांनी तसाच परत पाठवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांच्या खोलीत खुर्चीला जागा एकच, खिडकीपाशी. काल त्यांनी खाट खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला घ्यायला लावली. सुताराची नजर, बोटभर इकडेतिकडे चालेना. आता खुर्चीत बसलं की बसणाऱ्याचा उजवा कान त्यांच्या तोंडाशी येतो. ताई, ये गं.

तुझ्या रागाला पात्र, तरी तुझीच,
टिटवी

२ जुलै

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

बाबांना मूठमाती देऊन परत आले, तेव्हापासून तुला एक सांगायचं होतं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मला रजा मिळत होती. मी घेतली नाही. म्हटलं, इतकी वर्षं मी थांबले, आता आठवडाभर त्यांनी थांबावं. चादरींना टीप घालत बसले. आणि ते शुक्रवारी गेले.

तू माझ्या नावानं खोटं बोललीस, त्याचा राग आला होता. पण तू बोलली नसतीस तर त्यांचं तोंड उघडलं नसतं, हेही खरं. जे त्यांनी डॉक्टरांपासून लपवलं ते पाळकसाहेबांना सांगितलं, तुझ्यासमोर सांगितलं. मला सांगायचं राहिलं, आणि ते मीच राहू दिलं.

मूठमातीनंतर घरी तू चहा करायला गेलीस तेव्हा मी त्या खुर्चीत बसले होते. उजव्या बाजूला रिकामी खाट. क्षमा केली असं अजूनही म्हणवत नाही. कालच्या उपासनेतही त्या ओळीपाशी ओठ मिटलेच, फक्त ह्या वेळी रडू आलं.

खाट इतक्यात हलवू नकोस. पुढच्या महिन्यात येईन, तेव्हा पुन्हा तिथे बसायचंय.

मुलांना जप, आणि माझ्यावरची माया अशीच राहू दे.
तुझी ताई