चार नंबरचा पंप

३ नोव्हेंबर, सोमवार
आज रुजू झाले. बाबा तिरोडीहून सोबत आले. बालाघाटच्या या नव्या दवाखान्याच्या चकचकीत फरश्या पाहून त्यांनी दारातच चपला काढल्या, मला हसू आलं. आयसीयूत आठ खाटा आहेत. मोठ्या सिस्टर अलकनंदाताईंनी आधी पोहे खाऊ घातले, मग पंप दाखवले. सिरिंजमधलं औषध हे पंप ठरल्या वेगानं नसेत सोडतात. आठही पंप वाय-फायवर, टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून वेग बदलता येतो. कॉलेजात आम्ही थेंब मोजायचो. इथं बिल्ल्यावर माझं नाव आहे, श्रुतिका. फोटो काढून आईला पाठवला.

५ नोव्हेंबर
चार नंबरवर मैनाबाई, बिरसा गावाकडच्या. आतड्याचं ऑपरेशन झालंय, जखमेतून हिरवट पू येतो. त्याची मला किळस येत नाही, ते आपलं कामच आहे. किळस आली ती कॉम्प्युटरची. प्रत्येकीचं लॉगिनचं नाव वेगळं, पण पासवर्ड सगळ्यांचा एकच, तोही पडद्याच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला. पट्टी तेलकट बोटांनी काळी पडलीय. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या देवेंद्रला म्हटलं, हा बदला. तो तंबाखूचा खर्रा चघळत म्हणाला, मॅडम, बालाघाट में कौन हैक करने आएगा. बोलताना लाल थुंकी कीबोर्डवर उडाली. त्यानं बाहीनं पुसली. पसरली नुसती.

८ नोव्हेंबर
दुपारी मैनाबाईंचा श्वास मंद झाला. दुखणं थांबवायच्या औषधाचा ठरलेला वेग तासाला दोन मिली होता, पंपावर वीस दिसत होते. मी धावत जाऊन बंद केला. शुद्धीवर आल्यावर त्या म्हणाल्या, बाई, तुयी मशीन आपल्या मनानंच चालून राह्यली का? अलकनंदाताई म्हणाल्या, तूच चुकीचं बटण दाबलं असशील. कॉम्प्युटरवरची नोंद उघडली. वेग बदलणाऱ्याचं नाव, श्रुतिका. पण तेव्हा मी मैनाबाईंची पट्टी बदलत होते. दोन्ही हात पुवात होते.

१० नोव्हेंबर
आज डोळ्यांसमोर झालं. कॉम्प्युटरपाशी कोणी नव्हतं. मैनाबाईंच्या पंपावरचा आकडा चढला. तीन. चार. थांबला. पुन्हा पाच. कोणीतरी बाहेरून, मजा घेत. पंप बंद करून मी मैनाबाईंचं अंग पुसायला घेतलं, तर भिंतीवरचा कॅमेरा हळूच वळला आणि त्यांच्या उघड्या पोटावर थांबला. मी चादर ओढली. कॅमेरा माझ्याकडे वळला.
घरी येऊन दोनदा अंघोळ केली. अजून अंगाला काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं.

११ नोव्हेंबर
सहा नंबरचे महागूबाबा गेले. माझ्याच गावचे, खाणीत उमर गेली त्यांची. इन्शुलिनचा पंप दसपट धावला. घामानं गादी भिजली, तोंडातून फेस, मग झटके. नसेतून साखर दिली, उशीर झाला होता. नोंदीत पुन्हा माझंच नाव.
मोठे डॉक्टर आले. मृतदेहाजवळ उभं राहून समोसा खात होते. म्हणाले, हृदय बंद पडलं असं लिहा. नोंद छापून खिशात घातली, मग देवेंद्रला ती पुसायला लावली. मी म्हटलं, पंप वाय-फायवरून काढा, बाहेरचं कोणीतरी आत शिरलंय. ते बोटं चाटत म्हणाले, बाहेर कळलं तर दवाखाना बंद पडेल, आणि नाव तर तुझंच आहे.
महागूबाबांच्या तोंडावरचा फेस मी पुसला. मग संडासात जाऊन ओकले.

१२ नोव्हेंबर
सकाळी सगळ्या पंपांचं वाय-फाय मीच बंद केलं. थेंब मोजून औषधं दिली. दुपारपर्यंत देवेंद्रनं पुन्हा जोडलं. मी मोठ्या डॉक्टरांना सगळ्यांसमोर सांगितलं, उद्या पोलिसांत जाते.

१३ नोव्हेंबर, सकाळ
ठाण्यात निघायच्या आधी वॉर्डातच चक्कर आली. तीन दिवस पोटात अन्न टिकलं नाही. डोळे उघडले तर पाच नंबरच्या खाटेवर. डाव्या हातात सुई. डॉक्टर म्हणे बोलले, पोरीला आराम द्या. झोपेचं औषध. पंपावर.
सुईवर जाड चिकटपट्टी, एका हातानं सुटेना. ताईंना म्हटलं, सुई काढा. त्या म्हणाल्या, डॉक्टरांची ऑर्डर आहे, आणि बाहेर गेल्या. डोळे पुसत गेल्या.
ठाण्यात दाखवायला आणलेली वही उशीखाली सापडली, पेन आतच.

दहा वाजले
वेग तीन होता. आता सहा.
जीभ जड. बेल दाबली — वाजली नाही —
कॅमेरा माझ्यावर. चादर ओढवत नाही —

नऊ. बारा.
डावा हात हलत नाही. उजव्यानं ओढते, पण — बोटं कुठं जातात कळत नाही. पेन धरवते फक्त.
मले झोप येऊन राह्यली. झोपायचं नाही. झोपायचं नाही.

मैनाबाई बघून राह्यल्या. पाय खाली टाकला त्यांनी. टाके उसवतील — पोटाची पट्टी ओली झाली — तरी येऊन राह्यल्या. कठडा धरून.
त्यायले वाटते नळी पंपातून ओढावी — नाही मावशी, ते बटण नको, त्यानं वेग वाढते — सुई, माझ्या हातातली सुई उप