दात पडल्याचं जेवण

बुधवार, दुपार

भात गारढोण होता. ओल्या वाळूचा गोळा वळून त्यावर माशाचा काप चिकटवावा, तसा. आणि मासा असा, की त्याला स्वतःलाच आपली लाज वाटत असावी. हे आधी लिहून मोकळी होते, नाहीतर खुशाली लिहिण्यात राग निवून जायचा.

चि. बाबू यास आईचे आशीर्वाद. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. मोरीतला नळ परत गळायला लागलाय. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, मी तिसरीच शिकलेय हे काही तुला नवीन नाही.

तर बुटकीचा पुढचा दात पडला. तुझ्या लेकीचा दात पडला की सगळ्यांनी कोपऱ्यावरच्या जपानी हॉटेलात जायचं, तिथलं सगळं मऊ असतं, हा नियम तुझा. आधीचे सगळे दात तू साजरे केलेस. हा मात्र वाटीत पडून होता आणि पोर रोज विचारत होती, कधी जायचं. शेवटी काल तुझी बायको म्हणाली, चला, आपण तिघी जाऊ.

गेलो. वाढायला नवीनच माणूस. तुझ्या बायकोने सवयीने सांगितलं, आमचं नेहमीचं आण. तो म्हणाला, नेहमीचं म्हणजे काय? आणि आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. इतकी वर्षं तू मागवायचास आणि आम्ही खायचो. एकीलाही एका पदार्थाचं नाव येईना. बुटकी म्हणाली, मला ते पिवळं, गोड. तिला तो अंड्याचा प्रकार हवा होता. त्याने मुळ्याचं पिवळं लोणचं आणून ठेवलं. मी चित्रावर बोट ठेवलं, शिजलेलं दिसलं म्हणून, तर निघालं कच्चं आणि चिवट. कवळी त्यात अडकली ती सुटेना. तुझ्या बायकोने काय मागवलं ते तिलाच कळलं नाही, तिने त्या डब्याचं झाकण उघडूनही पाहिलं नाही.

ताटं भरलेलीच दिसली म्हणून मालक आतून आला. तो आपल्याला ओळखतो. काय चुकलं का, विचारलं, आणि मग म्हणाला, आज साहेब नाही आले? तुझी बायको फिरतीवर गेलेत म्हणून सांगणार, तेवढ्यात बुटकी म्हणाली,

"आमचे बाबा वारले."

दात पडला म्हणून सांगावं, तशी.

तो बिचारा उभ्या उभ्या खाली बघायला लागला. तुझी बायको काडीने भाताची शितं वेगळी करत राहिली. मी तरी बोलायचं की नाही? माझं तोंड कधी बंद असतं? काल होतं. मालक आत गेला आणि भलंमोठं आईस्क्रीम घेऊन आला, तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. पोरीने ते एकटीने संपवलं, आम्हाला चमचाभरही दिलं नाही.

घरी येताना तिची आई पुढे चालत होती. मी बुटकीला विचारलं, असं का गं म्हणालीस. रागावून नाही, सरळ विचारलं.

"फिरतीवर गेलेत म्हटलं ना आजी, की सगळे विचारतात कधी येणार. वारले म्हटलं की कुणीच विचारत नाही."

पोर तुझ्यावर गेली आहे. डोकं तुझंच.

आता हा पत्ता मला कुणी दिला म्हणशील. तुझ्या बायकोने नाही. ती अजून मला फिरतीच सांगते आणि मी मान डोलावते. लॉन्ड्रीवाल्याने दिला. फिरतीवरचा माणूस आपले शर्ट घरामागच्या लॉन्ड्रीत टाकत नाही रे, एवढं तरी बघायचंस. बाजारामागच्या इमारतीत पोचवतो म्हणाला. तिथे तू एकटा असतोस की आणखी कुणी, ते मी त्याला विचारलं नाही. मी न विचारणारी बाई नव्हे, हे तुला माहीत आहे. पण ऐकायची ताकद नव्हती.

परत ये म्हणून मी लिहीत नाही. तुम्हा दोघांत काय फाटलं ते तुमचं तुम्हाला ठाऊक, मला शिवता येणार नाही. पण मी तुझ्या नावाने रडायला बसलेली नाही, मग त्या एवढ्याशा पोरीने का बसावं? काल हॉटेलात सांगितलं, उद्या शाळेत सांगेल, आणि चार जणांना सांगून झालं की तिचं तिलाच खरं वाटायला लागेल. मग तू दारात येऊन उभा राहिलास तरी उपयोग नाही.

मला उत्तर लिहू नकोस, मी फोडणार नाही. बायकोला लिहू नकोस. फोन तर नकोच, तो तिची आई उचलते. बुटकीला लिही. पाकिटावर तिचं नाव, आत तुझं अक्षर. येणार असशील तर येईन म्हण, नसशील तर नाही म्हण, तिला दोन्ही वाचता येतं. उत्तर तूच द्यायचंस, आणि तिलाच.

बुटकीच्या जिवंत बापाची
आई