शेवटची आठ पानं

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला काय म्हणतो ते विचारत नाही, तो न विचारताच बोलतो. इकडे आम्ही दोघं मजेत. (मजेत म्हणजे आज भाजी करपली नाही. मी केलीच नाही.)

रविवारी दाभणला न्यायला येतेस असं तू लिहिलंस. (हे नाव तूच ठेवलंस, भाचीच्या जिभेचं टोक बघून.) एकट्या पुरुषाला पोर सांभाळणं जमायचं नाही, हे तुझं म्हणणं मला पटलं. तिची आई, आपली धाकटी बहीण, गेल्यापासून दोन वर्षांत मी फक्त वेण्या घालायला शिकलोय, त्याही एक वर, एक खाली. त्यात वाचनालयाची फाटकी गोष्टींची पुस्तकं माझ्याकडे बांधणीला येतात, ती ही आधी वाचते आणि मग मला शिवायला देते. त्या गोष्टींतले पोरक्या पोरांचे काका-मामा एकजात राक्षस! माळ्यावर झोपवतात, उपाशी ठेवतात, पत्रं लपवतात. ही रोज जेवताना माझी तपासणी करते. परवा स्वतःच उशी घेऊन माळ्यावर जाऊन बसली, म्हणे मामा विरघळतो का बघू. मी विरघळलो, आणि वर पोचता पोचता शिडी मोडली. शेवटी शेजारच्या सुतारानं दोघांना उतरवलं.

मग एक पुस्तक आलं. त्यात शेवटी भली मावशी येते आणि पोरीला घेऊन जाते. अगदी तुझ्यासारखी गं, छत्रीसकट! माझ्यानं राहवेना. शेवटची आठ पानं मी खळ लावून एकमेकांना चिकटवून टाकली. तीस वर्षांच्या धंद्यात असलं पाप केलं नव्हतं. दाभणनं किटलीच्या वाफेवर एकेक पान सोडवलं, सगळं वाचलं आणि म्हणाली, "मामा, तिचा मामा दुष्ट होता म्हणून मावशी आली. तू तर दुष्ट नाहीस, मग आपल्याकडे का येतेय?" मी आपला खळ ढवळत बसलो.

तर ठरल्याप्रमाणे ये. तिचे कपडे बांधून ठेवलेत.

तुझा भाऊ

ता. क. कपडे तिनं सोडून परत कपाटात लावले. दोन फ्रॉक मीही लावले.

आणखी एक ता. क. दुष्ट मामा पत्रं लपवतात, म्हणून हे तिला वाचायला दिलं. तिनं लिहिलंय: "मावशी, भाजी करपते हे खरं आहे. पण करपलेली मामा स्वतः खातो."

शेवटचं ता. क. ताई, जरूर ये. राहायला ये. न्यायला नको.