सव्वासातची रिंग

जवाहर नगर, जयपूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. जयंतीस,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. नको असले तर तेवढी ओळ फाडून टाक आणि बाकीचं वाच. नऊ वर्षांत तुला एक अक्षर लिहिलं नाही, आता लिहायला बसले म्हणजे कारण असणारच.

काल सकाळी सव्वासातला तू अण्णांच्या फोनवर रिंग दिलीस. एकच दिलीस आणि बंद केलीस. इकडून एक परत गेली. आजही तसंच झालं. त्याबद्दल लिहायचं आहे, पण ते मागाहून. आधी घरचं सांगते.

थंडी पडली. गुडघे बोलायला लागले. दिलीप इंदूरलाच आहे. त्याचा निनाद, तू गेलीस तेव्हा चौदा वर्षांचा होता बघ, तो सीतापुऱ्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला आणि दोन वर्षं इथंच राहतो. कामाला हुशार, मराठीला ठोंब्या. दर वाक्यात ‘मतलब’. आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतो. म्हणजे जेवणाचं टेबल त्याचं, आणि मी ताट मांडीवर घेऊन जेवते.

त्या टेबलावर सध्या तीन जुने लॅपटॉप मांडलेत. कंपनीत त्याला नवीन काम दिलंय, त्याची घरी तालीम चालते. मी विचारलं, एका माणसाला तीन कशाला? तर म्हणाला, “आजी, हे तिघं मिळून एक आहेत. मतलब क्लस्टर. कोण कामावर आहे, कोण नाही, हे तिघं मिळून लक्षात ठेवतात.” मी म्हटलं, म्हणजे पंच. तो हसला, पण पंचच आहेत. चौथा त्याचा स्वतःचा लॅपटॉप. तो या पंचांकडे जातो, आपलं नाव लिहितो, आणि दर दोन-तीन सेकंदांनी सांगत राहतो, आहे, मी आहे. बोलायचं काहीच नसतं. नुसतं ‘आहे’.

पहिल्या दिवशी निनादचं चुकलं. त्याने चौथ्याला एकाच पंचाचा पत्ता दिला होता. मी पुसताना तोच लॅपटॉप बंद झाला माझ्या हातून. चौथा बावचळला. बाकीचे दोघे शेजारी जिवंत, पण याला त्यांचा पत्ताच ठाऊक नाही. निनादने कपाळावर हात मारला, “आजी, तिन्ही पत्ते द्यायचे असतात. एक गेला तर दुसऱ्याकडे जाता येतं.” मी म्हटलं, एवढं शिकायला कॉलेज लागतं होय?

मग त्याला माझा नादच लागला. आजी, ही वायर काढ. आजी, हा बंद कर. एक बंद केला तर दोघे कारभार चालवतात. दोन बंद केले तर उरलेला जागा असतो, दिवा लागलेला असतो, पण कुणाचं काही लिहून घेत नाही. मी विचारलं, हा का रुसला? तर म्हणे, एकट्याच्या शब्दावर काही चालत नाही, निम्म्याहून जास्त लागतात.

आपल्या घरात तसं नव्हतं. इथं नऊ वर्षं एकटीच्याच शब्दावर कारभार चालला. ती एकटी कोण, ते तुला सांगायला नको.

अण्णांची तब्येत आहे तशीच आहे.

दूध उतू जाईल, इथंच थांबते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पत्र तसंच पडलं होतं. फाडून नवीन लिहिणार होते, पण नाही फाडत. वर मी काय लिहिलंय ते तुला कळायला हवं. तब्येत आहे तशीच आहे, असं लिहिलंय. जयंती, अण्णा गेले. २७ सप्टेंबरला, दुपारी, जेवणाच्या वेळेला. वरणभात कालवून मी पलंगापाशी गेले तर घास घ्यायला कुणी नव्हतं. आज बावन्न दिवस झाले.

शनिवारची रिंग अण्णांची नव्हती. रविवारची नव्हती, कालची नव्हती, आजचीही नव्हती. मी दिली. चारही वेळा मीच.

आता नीट सांगते, मध्ये थांबत नाही.

तू बगरूच्या कापडछपाईवाल्याशी लग्न केलंस तेव्हा मी यांचा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतला होता. तिच्याशी एक शब्द बोललात तर माझं मेलेलं तोंड बघाल, म्हटलं. आमच्या पलंगावरची चादर बगरूची, पण जावई नको. यांनी शपथ पाळली. शब्द कधी बोलले नाहीत. पण रिंग म्हणजे शब्द नव्हे, असं तुम्ही बापलेकीने ठरवलंत. रोज सव्वासातला तुझी एक, यांची एक. मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मी चहा गाळत असायचे आणि हे गॅलरीत जाऊन उभे राहायचे, बदलीची ऑर्डर यायची असावी तसे. रिंग झाली की आत येऊन म्हणायचे, “साखर कमी आहे गं.” साखर कमी नसायची.

गेल्या जूनमध्ये यांना अर्धांग झालं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मग फोन मीच धरायचे यांच्यापुढे. डाव्या अंगठ्याने परत रिंग द्यायचे, सात-आठ वेळा चुकून.

ऑगस्टमध्ये निनाद म्हणाला, “आजी, आजोबांचा रिचार्ज संपतोय, टाकू का?” मी म्हटलं, राहू दे, आता त्यांना कुणाशी बोलायचंय? त्याला काय ठाऊक. मला ठाऊक होतं. विसरले, राहून गेलं, असं लिहिता आलं असतं. दिलीपला तसंच सांगणार होते. पण तसं नाही.

कारण विचारशील. कारण फार मोठं नाही. दिवसभर यांचं हगणं-मुतणं मी काढायचे, अंग पुसायचे, घास भरवायचे, आणि हे माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसे बघायचे. सव्वासातला मात्र तोंड उजळायचं. तुझ्या एका रिंगेला. नऊ वर्षांत पाण्याचा पेला दिला नाहीस तू यांना. मीच देऊ दिला नसता, तरी. एवढंच आहे. मत्सर म्हण. मला दुसरा शब्द येत नाही.

३१ ऑगस्टला फोन मुका झाला. यांनी त्या दिवशी सव्वासात ते नऊ वाट बघितली. दुसऱ्या दिवशी तसंच. फोन मला कानाला लावून बघायला सांगायचे. मी लावायचे आणि म्हणायचे, चालू आहे की. बावीस दिवस. यांच्याकडे तुझा पत्ता म्हणून तेवढी एकच रिंग होती. बगरूत कुठल्या गल्लीत राहतेस, नवऱ्याचा नंबर काय, काही नाही. ठेवायचीच चोरी होती. माझी.

बाविसाव्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. निनादकडून यांनी वाटीत पाणी आणि काळे तीळ मागवून घेतले. निनादला वाटलं, आपल्या पणज्यासाठी. तो ठेवून कामाला बसला. हे पलंगावर टेकून बसले, डाव्या हातात तीळ घेतले आणि तुझं नाव घेतलं. जीभ जड होती तरी मला कळलं. जयंती. तीन वेळा पाणी सोडलं.

मी समोर उभी होते. फोन माझ्या कंबरेच्या पिशवीत होता. तोंड उघडायचं, ती जिवंत आहे म्हणायचं, बस्स. मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, “डाव्या हाताने तर्पण करत नाहीत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतर फोनकडेही नाही. सहा दिवसांनी गेले.

दिलीपने अग्नी दिला. त्याने विचारलं, जयूला कळवलंस ना? मी म्हटलं, कळवलं, येत नाही म्हणाली. स्मशानातून आल्यावर त्याने तुझ्या नावाने जे जे म्हटलं, ते सगळं माझ्या मालकीचं होतं. मी बसून ऐकून घेतलं. आज दुपारी फोन करून त्याला खरं सांगितलं. त्याने फोन ठेवून दिला.

आता शनिवारचं. निनादला त्याच्या पंचांपैकी एकाला वेगळं नेट जोडायचं होतं. कपाटात अण्णांचा फोन सापडला, शुक्रवारी त्याने त्यात रिचार्ज टाकला. मला विचारलं नाही. शनिवारी मी चहा गाळत होते आणि सव्वासातला रिंग झाली. जयंती, माझ्या हातातली गाळणी पडली. म्हणजे अडीच महिने रोज तू मेलेल्या नंबरावर रिंग देत होतीस. तिकडून ‘बंद आहे’ म्हणत असेल ती बाई, तरी.

फोन उचलून सांगायला हवं होतं. मी यांच्यासारखी एक रिंग परत दिली. का दिली, विचारू नकोस. तिकडे तुझं तोंड उजळलं असेल. तेही मला ठाऊक होतं.

निनादने विचारलं कोण, मी म्हटलं राँग नंबर. आज चौथ्या दिवशी त्याने मला पकडलं.

“आजी, राँग नंबरला कोणी रोज परत रिंग देतं?”

“तू तुझ्या मशिनींचं बघ.”

“मशिनचंच बघतोय. आत्या आहे ना ती?” मी कपबशी विसळायला घेतली. “आजी, मतलब तू आजोबांच्या नावाने ‘आहे, आहे’ पाठवते आहेस. आत्याच्या हिशोबाने आजोबा जिवंत आहेत.”

एवढंच बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग टेबलापाशी जाऊन बसला. मी मागे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, तुझा हा चौथा गप्प झाला तर पंच काय करतात?

“ठरलेला वेळ थांबतात. मग नाव पुसतात. आणि जे जे त्याची वाट बघत असतात त्यांना सांगतात, की गेला.”

“आणि तो मेलेला नसला तर? नुसती वायर तुटली असली तर?”

“पंचांना काय कळणार, आजी? त्यांच्यासाठी दोन्ही सारखंच.”

“वायर परत जोडली तर?”

“वेळ संपला असेल तर जुनं नाव परत येत नाही. त्याला नव्याने येऊन सांगावं लागतं, मी आहे म्हणून.”

वायर कुणी कापली, ते निनादच्या पंचांना नाही कळत. मला ठाऊक आहे.

आता एवढंच. हे पत्र निनाद उद्या पहाटे स्कूटरवर घेऊन निघेल. बगरूत छपाईवाल्यांच्या वस्तीत विचारत विचारत तुला शोधीन म्हणालाय. सव्वासाताच्या आत तुझ्या दारात पोचायला सांगितलंय. मागच्या पानावर तीन पत्ते लिहिलेत: निनादचा नंबर, दिलीपचा नंबर आणि त्याचं इंदूरचं घर. माझा नंबर त्यात धरलेला नाही. अण्णांचा फोन निनादबरोबर पाठवते. तुझा आहे तो.

माफी लिहिलेली नाही. शोधू नकोस.

यांनी तुला पाणी सोडलंय, ते परत घेता येत नाही. तू जिवंत असताना तुझ्या नावाचे तीळ त्या वाटीत भिजले आणि मी उभी राहून बघितलं. ती वाटी मी अजून घासलेली नाही. माझी वेळ आली की दिलीप काय करायचं ते करील. तू पाणी सोडू नकोस. लोक सांगतील, आई होती, सोड. सोडू नकोस.

उद्या इकडून रिंग येणार नाही. निनादला उशीर झाला आणि सव्वासातला तू वाट बघत बसलीस, तर वायर तुटली म्हणून नव्हे. इकडे आता खरंच कोणी नाही.

इंदुमती,
मुरलीधरांची बायको